बिल्बाओची 'रिया': नदी की खाडी?

प्रश्न असा आहे: बिल्बाओ या बास्क शहरावरच्या स्पॅनिश मजकुराचं मराठी करताना तिथल्या पाण्याला कुठे 'रिओ', तर कुठे 'रिया' म्हटलेलं आढळतं. दोन्हींसाठी 'नदी' चालेल का? आणि 1300 साली तिथे 'व्हिला' स्थापन झाला म्हणजे काय झालं?

दोन्हीकडे 'नदी' लिहू नये; 'रिओ' तेवढी नदी. 'रिओ' पुल्लिंगी आणि 'रिया' स्त्रीलिंगी असल्यामुळे नद-नदी अशी जोडी लावायचा मोह होतो, पण फरक लिंगापुरता नाही. नदीच्या मुखाकडचा जेवढा भाग भरतीच्या पाण्याने फुगतो, तेवढा रिया. कोकणात याला आपण खाडीच म्हणतो. चिपळूणची वाशिष्ठी पुढे दाभोळची खाडी होते, तसंच हे.

बास्क भाषेत तर शंकेला जागाच नाही. नदी म्हणजे 'इबाई', पण रिया म्हणजे 'इत्सासादर': 'इत्सासो' म्हणजे समुद्र, 'आदार' म्हणजे फांदी. हे पाणी त्या लोकांनी समुद्राच्या खात्यात मांडलंय.

नकाशा उघडून पाहा. दक्षिणेकडून ओर्दुन्यावरून नेर्बिओन येते, पूर्वेकडून दुरांगोच्या बाजूची इबाइसाबाल. बासाउरीपाशी दोघींचा संगम होतो. मग डोंगरांच्या मधून बिल्बाओ, आणि तिथून सुमारे 15 किलोमीटरवर पोर्तुगालेतेपाशी समुद्र. शहर डोंगरांनी इतकं वेढलेलं आहे की स्थानिक लोक त्याला लाडाने 'बोचो', म्हणजे खड्डा म्हणतात. एवढ्या आत असूनही ते बंदर झालं, ते खाडीमुळे.

याला गाव वसवतानाच्या सनदेचाच पुरावा आहे. बिस्काय, म्हणजे बिल्बाओ ज्यात येतं तो प्रांत; त्याचा अधिपती दिएगो लोपेस दे आरो (पाचवा) याने 15 जून 1300 रोजी ही सनद दिली आणि तिच्यात गावाला 'बिल्बाओचं बंदर' असंच म्हटलं. 'व्हिला' म्हणजे बंगला नव्हे, हे वेगळं सांगायला नको. सनद देऊन, तिथे राहायला येणाऱ्यांना हक्क आणि सवलती देऊन वसवलेलं गाव, असा त्याचा मध्ययुगीन अर्थ. आपल्याकडे कौल देऊन पेठ वसवत, ती कल्पना याच्या बरीच जवळची आहे. म्हणून 'व्हिला स्थापन झाला' यापेक्षा 'सनद देऊन गाव वसवलं' हे मला जास्त पटतं.

ते वसलं कसं, हे गल्ल्यांच्या नावांत अजून वाचता येतं. खाडीच्या उजव्या काठावर आधी तीन समांतर गल्ल्या होत्या: सोमेरा म्हणजे वरची, आर्तेकाये म्हणजे मधली आणि तेंदेरिया म्हणजे दुकानांची. पुढे त्यांच्या सात झाल्या. जुन्या भागाला आजही 'सास्पी काले', सात गल्ल्या, म्हणतात. 1310 साली बिस्कायची पुढची अधिपती मारिया दिआस दे आरो हिने नवी सनद देऊन ओर्दुन्याहून बेर्मेओ बंदराकडे जाणारा रस्ता बिल्बाओवरूनच जाईल असं ठरवून दिलं. माझ्या मते गावाचं नशीब फळफळलं ते इथे. कास्तीय (कॅस्टील) राज्याची लोकर आणि बिस्कायचं लोखंड एकाच धक्क्यावर येऊ लागलं. सान आन्तोनचा पूल आणि चर्च शहराच्या चिन्हावर आहेत. सोबत दोन लांडगे, आरो घराण्याचे.

तर भाषांतरात बासाउरीच्या वर 'नेर्बिओन नदी' लिहा आणि शहरातल्या पाण्याला 'बिल्बाओची खाडी'. भूगोलाच्या पुस्तकातला 'रिया किनारा' (समुद्रात बुडालेल्या नदीखोऱ्यांचा किनारा) हा पारिभाषिक शब्द आहे, तो तसाच राहू द्या.