आधी दाखल कर

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. परवा तू विचारलंस, "काका, या नोंदी त्या संशोधकांना देऊ का? पेपर ते लिहिणार, मग माझं काय?" तेव्हा वाचनालयाच्या काउंटरवर गर्दी होती, म्हणून मी नुसतं "बघू" म्हटलं. खरं तर रागच आला होता. चौदा विहिरी, तीन वर्षं, दर रविवारी पाण्याच्या पातळीची मोजणी, आणि सगळं एका मोबाइलमधल्या एक्सेलच्या फायलीत! वाकून टेप सोडताना तो मोबाइलच विहिरीत पडला तर?

द्यायचं की नाही हे नंतर. आधी सांग, ते दाखल आहे का? आमच्याकडे नोंदवहीत चढून दाखल क्रमांक पडेपर्यंत पुस्तक म्हणजे नुसता कागदाचा गठ्ठा. तुझ्या नोंदींचं वेगळं काय आहे?

मी नोकरीत नवा असताना एक निवृत्त गुरुजी पावसाच्या वह्या घेऊन आले होते. बावीस वर्षांच्या. हवामान खात्याची वेळ तीच म्हणून रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघायचे. मी म्हटलं, "गुरुजी, हस्तलिखित कसं दाखल करू? प्रकाशकाच्या रकान्यात काय लिहू? किमतीच्या?" ते हसले आणि पिशवी उचलून गेले. पुढे ते वारल्यावर घरच्यांनी माळा आवरला. मी रद्दीच्या दुकानात पोचलो तेव्हा एकच वही उरली होती, तीही अर्धी कोरी. माझीही बाजू ऐक. त्या वर्षी वाचनालय 'क' वर्गातून 'ब' वर्गात जाण्यासाठी सरकारी तपासणी व्हायची होती, अनुदान त्यावर अडलेलं. नियमाबाहेरचं काही दिसलं असतं तर... असो. तसा नियम होता का, हे मी उघडून पाहिलंही नव्हतं.

म्हणून तुला सांगतो, दाखल कर. झेनोडो नावाचं संशोधनाच्या फायली ठेवायचं मोफत ऑनलाइन भांडार आहे, युरोपातल्या 'सर्न' या प्रयोगशाळेने 2013 साली सुरू केलेलं. नाव झेनोडोटसवरून, म्हणजे अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल. (आमच्या जातकुळीतल्या कुणाचं तरी नाव एवढं टिकलं!) तिथे फाइल चढवली की तारखेसकट डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. तोच तुझा दाखल क्रमांक. क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'सीसी बाय' परवाना लाव, म्हणजे वापरणाऱ्याने तुझं नाव देणं बंधनकारक. संशोधकांना एवढंच सांग, की छापाल तो पेपर मला फुकट वाचता आला पाहिजे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेतून 2025 पासून सरकारी महाविद्यालयांना संशोधनाची हजारो नियतकालिकं मिळतात. आपलं वाचनालय त्यात नाही.

आणि 'माझं काय' जरा कमी कर. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023 चा अहवाल सुमारे 30,000 पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटी नोंदींवर उभा आहे. त्यातले बहुतेक तुझ्यासारखेच, हौशी.

पण चढवण्याआधी एक पान लिहून काढ, इथे मात्र मी सोडणार नाही. पाणी कठड्यावरून मोजलंस की जमिनीपासून? कठडा किती उंच? मोटार सुरू व्हायच्या आधी की नंतर? सात नंबरच्या विहिरीत मे महिन्यात पाणी एकदम दीड मीटर वर आलंय. तिथे टँकर ओतला होता ना? हे तुला ठाऊक आहे, फायलीला नाही. दहा वर्षांनी कुणीतरी त्याला झरा समजेल. मालकांना विचारून घे आणि त्यांची नावं काढून टाक, विहिरींना नुसते क्रमांक पुरेत. सरकारी भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. दर आठवड्याचे आकडे आपल्या भागात तुझ्याकडेच आहेत. म्हणून एवढा ओरडतोय.

सोमवारी वाचनालय बंद असतं. मंगळवारी ये, वर्तमानपत्रं वाचणारी मंडळी दहापर्यंत उठतात. पहिल्या वर्षाची ती भिजलेली वहीही आण, तिलाही क्रमांक देऊ. किमतीच्या रकान्यात काय लिहायचं ते तूच सांग.

तुझा,
ग्रंथपाल काका