बर्निंग स्पिअरचा ‘मार्कस गार्वी’ विनाइलवर पुन्हा आलाय, घ्यावा का?

घ्या. फक्त ‘१८० ग्रॅम’ (म्हणजे जाड, जड तबकडी) या स्टिकरसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

तुमचे प्रश्न दोन आहेत. अल्बम स्ट्रीमिंगवर असताना नव्या एलपीवर, म्हणजे विनाइलच्या तबकडीवर, खर्च का करायचा, आणि सगळे याला ‘राजकीय’ का म्हणतात, ऐकताना तर नुसतं संथ, गुंगवणारं संगीत वाटतं. दुसरा आधी घेतो.

बर्निंग स्पिअर म्हणजे रेगे या जमैकन संगीताचा गायक विन्स्टन रॉडनी. १९७५ साली हा अल्बम आला तेव्हा रूपर्ट विलिंग्टन आणि डेलरॉय हाइंड्स त्याच्या मागे गायचे. रॉडनी जमैकाच्या सेंट ॲन्स बे गावचा, आणि कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वीही तिथलेच, जन्म १८८७. गार्वींनी १९१४ मध्ये कृष्णवर्णीयांची संघटना काढली, १९१९ मध्ये पाच-पाच डॉलरचे शेअर विकून ब्लॅक स्टार लाइन ही जहाज कंपनी उभी केली. कंपनी बुडाली, टपालातून फसवणूक केल्याचा ठपका ठेवून अमेरिकेने त्यांना तुरुंगात टाकलं आणि १९२७ मध्ये हद्दपार केलं. १९४० साली ते लंडनमध्ये वारले. (अमेरिकेने त्यांना माफी दिली ती थेट जानेवारी २०२५ मध्ये!)

आता गंमत बघा. १९६४ मध्ये जमैकाने त्यांचं पार्थिव लंडनहून परत आणलं आणि त्यांना देशाचा पहिला राष्ट्रीय वीर ठरवलं. म्हणजे सरकारदरबारी मान पुरेपूर होता. तरी ‘ओल्ड मार्कस गार्वी’ या गाण्यात रॉडनीची तक्रार अशी की म्हाताऱ्या गार्वीची कोणाला आठवण नाही. पॉल बोगल, नॉर्मन मॅनली, बुस्टामांटे या जमैकाच्या इतर नेत्यांची नावं घेऊन तो म्हणतो, यांच्याबद्दल सगळे बोलतात. मॅनलींचा मुलगा मायकल त्या वेळी पंतप्रधान होता, हे लक्षात घेतलं की गाण्याची धार कळते. शीर्षकगीतात तर तो गार्वींचं भाकीत खरं झालं असं सांगतो आणि लगेच पोटाला अन्न नाही, हातात पैसा नाही यावर येतो. ‘स्लेव्हरी डेज’ मध्ये एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारलाय: गुलामीचे दिवस आठवतात का? घोषणा नाहीत, कोणाला शिव्या नाहीत. म्हणूनच तुम्हाला ते राजकीय वाटलं नसावं. माझ्या मते सत्तरच्या दशकातल्या रेगेत याहून कडक अल्बम थोडेच आहेत.

आता तबकडीचं. निर्माता जॅक रुबी ओचो रिओसचा, त्याची स्वतःची साउंड सिस्टिम (नाचाच्या कार्यक्रमांत रेकॉर्ड वाजवणारा मोठ्या स्पीकरांचा ताफा) होती. शीर्षकगीत मुळात फक्त त्या साउंड सिस्टिमवर वाजवायला केलेलं. लोकांनी इतकं उचलून धरलं की सिंगल (एका गाण्याची छोटी तबकडी) काढावी लागली. म्हणजे हे संगीत माणसाच्या उंचीच्या स्पीकरांसाठी, उघड्यावर नाचणाऱ्या गर्दीसाठी घडलेलं. बेसवर रॉबी शेक्सपिअर आणि फॅमिली मॅन बॅरेट, ड्रम्सवर हॉर्समाउथ वॉलेस, ट्रॉम्बोनवर व्हिन गॉर्डन. मग आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीने परदेशी गोऱ्या श्रोत्यांना पचावं म्हणून अल्बमचं मिक्सिंग (वाद्यं आणि गायन यांचा तोल) बदललं, सौम्य केलं. रॉडनीला हे अजिबात रुचलं नाही. पुढे त्याने स्वतःचं लेबल काढलं त्यामागे हेही एक कारण होतं.

तेव्हा तुमचा खरा प्रश्न वजनाचा नाही, मिक्सचा आहे. दुकानात सहसा मिळतो तो आयलंडचाच मिक्स, स्ट्रीमिंगवरही बहुतेक तोच. तरीही तो उत्तम आहे, हे आवर्जून सांगतो; ‘मूळ जमैकन छपाईच खरी’ म्हणणाऱ्या मंडळींच्या नादी लागू नका. जुन्या जमैकन प्रती बऱ्याचदा खरखरतात आणि किंमत ऐकून घाम फुटतो. जॅक रुबीच्या फॉक्स लेबलच्या सिंगलची फेरछपाई कुठे दिसली तर मात्र सोडू नका, शीर्षकगीताचं मूळ रूप तिथे ऐकायला मिळेल.

जाड तबकडी सहज वाकत नाही, हाताला छान लागते, बस. आवाज ठरतो तो मास्टर (ज्यावरून तबकड्या छापतात तो साचा) कशावरून केला आणि कोणी कापला यावर. विक्रेत्याला मास्टर टेपवरून केलाय की डिजिटल फाइलवरून, एवढं विचारा. या अल्बमला एक नैसर्गिक फायदाही आहे: दहा गाणी मिळून साधारण ३४ मिनिटं, म्हणजे एका बाजूला सतराच्या आसपास. बेस जोरात कापायचा तर खाचांना जागा जास्त लागते, आणि इथे ती आहे.

पण तुमचा प्लेअर सूटकेसवाला, सिरॅमिक कार्ट्रिजचा (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग) असेल तर थांबा. त्याची सुई पाच-सहा ग्रॅमचा भार टाकते, चांगल्या कार्ट्रिजचा भार दोनच्या आसपास असतो. अशा बेसवर स्वस्त प्लेअर उड्या मारतात आणि तबकडीही लवकर झिजते. आधी प्लेअर बदला, तोवर स्ट्रीमिंग आहेच. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते, भिंतीला टेकवून ठेवू नका.

बजेट थोडं वाढवता आलं तर जोडीला १९७६ चा ‘गार्वीज घोस्ट’ घ्या. याच गाण्यांचं डब रूप आहे, गायन जवळजवळ काढून टाकलेलं. काहींना ते पातळ वाटतं. मला नाही वाटत. मी तर आधी तेच ऐकलं होतं, आणि हॉर्न्स (ट्रॉम्बोनसारखी फुंकायची वाद्यं) काय करतायत ते तिथेच पहिल्यांदा नीट कळलं. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर अर्थातच ‘मार्कस गार्वी’.