मेमध्ये नागपूरहून तीर्थन व्हॅली, पोट्टे आणि आई सोबत

दादा, तुम्ही विचारलं की मेमध्ये दोन पोट्टे आणि आईला घेऊन पाच दिवसात हिमाचलमधली तीर्थन व्हॅली, मनाली, राफ्टिंग सगळं बसते का. ओढूनताणून बसेल, पण माझं ऐकाल तर मनाली सोडा आणि तिथल्या गुशैणी नाहीतर जिभी गावात, एकाच ठिकाणी मुक्काम टाका. दिल्लीहून मनालीची रात्रीची बस धरायची, सकाळी औटला उतरायचं, तिथून बंजारसाठी लोकल बस, टॅक्सी दोन्ही मिळतात, दोन्ही गावं बंजारच्याच पुढे आहेत.

आता नदीचं नीट ऐका, कारण आपल्याकडले लोक इथंच गफलत करतात. आपली कन्हान मेमध्ये आटते, तीर्थनचं बरोब्बर उलट आहे, ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो आणि ते पाणी खाली पोचायला वेळ लागतो, म्हणून सकाळी शांत दिसलेली नदी दुपारनंतर जोरात वाहते. पाणी इतकं गार की पाय लगेच बधिर होतात, त्यात दगड निसरडे. पोट्ट्यांना सकाळीच खेळू द्या, काठालाच, आणि मधल्या दगडावर फोटोसाठी कोणीच जायचं नाही, मोठ्यांनी पण नाही. तीर्थन पुढे लारजीजवळ बियास नदीला मिळते, तिथं धरण आहे, त्याच्या खाली ८ जून २०१४ ला हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. फोटो काढायलाच उतरले होते बिचारे.

राफ्टिंग बियासवर, कुल्लूजवळ पिरडीहून होते, पोट्टे लहान असतील तर यावेळी राहू द्या.

त्यापेक्षा एक दिवस जलोरी जोतला द्या, जोत म्हणजे खिंड. ३१२० मीटरवर गाडी जाते, पुढे सेरोलसर तलावापर्यंत जंगलातून पाचेक किलोमीटर पायी, आई जोतावरच मंदिरापाशी आरामात बसू शकतात. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क २०१४ पासून जागतिक वारसा आहे, आत गाडी नाही, परमिट साई रोपाला काढायचं. गुशैणीहून गेटपर्यंतच आठेक किलोमीटर चालणं आहे, पण वाट नदीच्या सोबतीनं जाते आणि फार सुंदर आहे हो, पोट्टे थकले तर अर्ध्यातून फिरा, काही बिघडत नाही.

इथं ४५ डिग्री असताना स्वेटर भरणं जिवावर येते, तरी भरा, रात्री आईंना लागेलच. आणि सुट्टी जुलैवर गेली तर बेतच बदला, पावसात तिकडे दरडी कोसळतात, राफ्टिंग पण १५ जुलै ते १५ सप्टेंबर बंद असते.