‘सर्वोत्कृष्ट’ की ‘मोलाचा’?

विचारणा अशी आहे: एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये हार्ट ट्रॉफी ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ला देतात. त्याला मराठीत ‘सर्वोत्कृष्ट खेळाडू’ म्हटलं तर काय बिघडलं? आणि २००२ साली सर्वाधिक गोल करूनही कॅल्गरी संघाच्या जरोम इगिनलाला ती मिळाली नाही, हा अन्यायच ना?

बिघडतं ते असं. तिथे ‘सर्वोत्कृष्ट’ खेळाडूचा पुरस्कार वेगळा आहे. खेळाडूच मतं देऊन तो ठरवतात. पूर्वी त्याला लेस्टर पिअरसन यांचं नाव होतं, आता टेड लिंडसे यांचं आहे. हार्ट ट्रॉफीसाठी मात्र हॉकीवर लिहिणारे पत्रकार मतं देतात आणि निकष असतो ‘आपल्या संघासाठी सर्वांत मोलाचा’ हा. (‘सर्वांत’वरचा अनुस्वार खाऊ नये, ही आपली जाता जाता विनंती.) दोन्हींना ‘सर्वोत्कृष्ट’ म्हटलं की २००२चा निकाल मराठीत सांगताच येत नाही, कारण तेव्हा पिअरसन पुरस्कार इगिनलालाच मिळाला आणि हार्ट ट्रॉफी गेली माँट्रियालचा गोलरक्षक जोसे थिओडोरकडे.

‘मौल्यवान’ही मला रुचत नाही. मौल्यवान म्हणजे दागिने, हिरे, कुलुपात ठेवायच्या वस्तू. ‘मोलाचा’चं तसं नाही. मोलाची मदत, मोलाचा सल्ला, मोलाचा हातभार असं म्हटलं की ‘कुणाला?’ हा प्रश्न आलाच. ‘उत्कृष्ट’ एकट्याने असता येतं, ‘मोलाचा’ कुणाच्या तरी लेखी असावं लागतं. मोलमजुरीतलं मोलही दुसऱ्यानेच मोजायचं असतं.

आता अन्यायाचं. इगिनलाचे त्या हंगामात ५२ गोल होते आणि गोल व साहाय्य (सहकाऱ्याच्या गोलला कारणीभूत ठरलेला पास) मिळून ९६ गुण. दोन्ही आकडे लीगमध्ये सर्वाधिक. सर्वाधिक गोलांसाठी रिशार आणि सर्वाधिक गुणांसाठी आर्ट रॉस या ट्रॉफ्या असतात, त्या त्याला मिळाल्याच. तिथे मतदानाची गरज नसते, मोजलं की झालं. हार्टच्या मतदानात पसंतिक्रमानुसार दोघांचे मतगुण सारखेच भरले, ४३४. पहिल्या पसंतीची मतं मात्र थिओडोरला २६ आणि इगिनलाला २३, म्हणून ट्रॉफी थिओडोरला.

कॅल्गरी प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमध्ये, पोहोचली नाही, मग इगिनलाचं मोल ते काय, असा युक्तिवाद करतात. तो मला लंगडा वाटतो. बुडत्या संघालाही कुणीतरी मोलाचा असतोच. १९५४ साली तळाला असलेल्या शिकागोचा गोलरक्षक अल रोलिन्स आणि १९८८ साली प्लेऑफ हुकलेल्या पिट्सबर्गचा मारिओ लेम्यू यांनी हार्ट मिळवलेली आहे. पण थिओडोरची बाजू त्याहून भक्कम होती. आधीचे सलग तीन हंगाम प्लेऑफबाहेर राहिलेल्या माँट्रियालला आत नेण्यात त्याचा वाटा मोठा होता आणि फटके अडवण्याच्या टक्केवारीत तो लीगमध्ये पहिला होता. निकाल अटीतटीचा झाला, पण शब्दाला धरून झाला. २०१८ साली हेच पुन्हा दिसलं: १०८ गुणांच्या कॉनर मॅकडेव्हिडला आर्ट रॉस आणि खेळाडूंचा पुरस्कार, हार्ट मात्र ९३ गुणांच्या टेलर हॉलला. हॉलच्या न्यू जर्सी संघात त्याच्या खालोखालच्या खेळाडूचे गुण होते अवघे ५२.

तेव्हा ‘संघासाठी सर्वांत मोलाचा खेळाडू’ असं लिहावं. मथळ्यात एवढी जागा नसेल तर ‘हार्टचा मानकरी’ पुरे. ‘हंगामवीर’ कुणी सुचवेल, पण ‘सामनावीर’च्या चालीवरचा हा शब्द पुन्हा त्या ‘सर्वोत्कृष्ट’कडेच झुकतो.