वादळात वीज गेल्यावर पेट्रोल स्कूटरवरून घराला वीज देता येते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : दापोलीजवळच्या आपल्या गावात पावसाळ्यात वादळवाऱ्याने तीन-तीन, चार-चार दिवस वीज जाते, घरात ११० सीसीची पेट्रोल स्कूटर आहे, तिच्यावर दिवे, पंखा, फ्रिज आणि आईचा नेब्युलायझर चालवता येईल का? शिवाय स्कूटर सुरू ठेवून घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज करावी, असे आपल्या मुलाचे म्हणणे आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो. दिवे आणि मोबाइल चालतील, पंखा विशिष्ट प्रकारचा असेल तर चालेल, फ्रिज आणि नेब्युलायझर चालणार नाहीत, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचा नाद सोडलेला बरा.

मी रायगड जिल्ह्यातील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री शाखेच्या मुलांना शिकवत असे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर नवा नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा वारे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वाहत होते. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यांच्याबरोबर विजेचे खांबही गेले, आणि काही गावांत वीज परत येण्यास आठवड्यांमागून आठवडे लागले. त्या काळात अनेक अंगणांत स्कूटरमधून तारा बाहेर काढलेल्या दिसत. त्यांतील काही जोडण्या नेटक्या होत्या; काही पाहून पोटात गोळा येत असे.

स्कूटरमध्ये वीज तयार होते ती मॅग्नेटोमध्ये. इंजिनाबरोबर चुंबकाचे चाक फिरते, आतल्या स्थिर गुंडाळीत वीज निर्माण होते आणि रेग्युलेटर ती १४ व्होल्टच्या आसपास आणून बॅटरीकडे पाठवतो. ११० ते १२५ सीसीच्या स्कूटरच्या मॅग्नेटोची क्षमता साधारणपणे दीडशे-दोनशे वॉट सांगितली जाते, आणि तो आकडा ऐकूनच लोकांना वाटते की एवढ्यात दोन पंखे सहज चालतील. परंतु ही क्षमता इंजिन मिनिटाला पाच हजारांच्या घरात फेरे घेत असतानाची आहे. स्टँडवर निवांत चालू ठेवलेल्या स्कूटरचे फेरे सतराशेच्या आसपास असतात आणि तेव्हा मिळणारी वीज पुष्कळच कमी असते. ज्यांनी जुनी बजाज चेतक चालवली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गाडी चौकात थांबली की हेडलाइट पिवळा पडत असे आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळला की पुन्हा उजळत असे.

मिळणाऱ्या या थोड्या विजेतही स्कूटरचा स्वतःचा वाटा आधी जातो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत पेटताच राहतो, तो बंद करण्याचे बटणच नाही. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ मानक आल्यावर बहुतेक स्कूटरमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले, म्हणजे पेट्रोलचा पंप आणि त्याचा संगणकही याच विजेवर चालतो. हे सगळे वजा केल्यावर स्टँडवर उभ्या स्कूटरमधून तीस वॉटच्या आसपास वीज काढता येईल असे धरून चालावे. हेडलाइट एलईडीचा असेल तर थोडी अधिक मिळेल, जुन्या हॅलोजनचा असेल तर कमी. (हेडलाइट पेटणारच असेल तर गाडीचे तोंड घराच्या पांढऱ्या भिंतीकडे करून ठेवावे. अंगणात जेवणापुरता उजेड त्यातच होतो.)

फेरे वाढवून अधिक वीज काढू, हा विचार मनात येतोच. परंतु स्कूटरला गिअर नसतात. ठरावीक फेऱ्यांच्या वर गेले की क्लच आपोआप पकडतो आणि मुख्य स्टँडवर अधांतरी असलेले मागचे चाक गरगर फिरू लागते. अंधारात, मुलाबाळांच्या घरात, साडीचा पदर किंवा लहानग्याचा हात तिथे जाण्यास वेळ लागत नाही. अ‍ॅक्सिलरेटरला दोरी बांधून ठेवण्याचा प्रकार मी पाहिला आहे, तो कोणीही करू नये.

इंजिन बंद ठेवून केवळ बॅटरीवर भिस्त ठेवावी, तर ती बॅटरी फारच लहान असते. तीन ते पाच अँपिअर-अवर, म्हणजे चार धरले तर १२ व्होल्टला ४८ वॉट-अवर. त्यातील निम्मेच वापरावे, नाहीतर सकाळी सेल्फ लागत नाही. उरलेल्या २४ वॉट-अवरमध्ये पाच हजार मिलीअँपिअर-अवरचा एक मोबाइल एकदा पूर्ण भरतो, त्यापुढे काही नाही. ज्या नव्या स्कूटरला किकच नाही, तिची बॅटरी संपवून बसणे म्हणजे वादळाच्या दिवसांत वाहनही गमावणे होय. म्हणून जे काही चालवायचे ते इंजिन सुरू असतानाच चालवावे.

तीस वॉटमध्ये काय बसते? १२ व्होल्टवर थेट चालणारे पाच-पाच वॉटचे दोन एलईडी दिवे आणि एका वेळी दोन मोबाइल, एवढे आरामात बसते. साधा छताचा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉट खातो, तो बसत नाही. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा पूर्ण वेगाला तीस वॉटच्या आसपास आणि कमी वेगाला त्याच्या निम्म्याहूनही कमी घेतो, त्यामुळे दिवे बंद करून तो सावकाश फिरवता येईल. मात्र तो २३० व्होल्टवर चालत असल्याने मोटारीत वापरतात तसला छोटा इन्व्हर्टर मध्ये घालावा लागतो आणि काही वॉट तिथे वाया जातात. तशा इन्व्हर्टरच्या खोक्यावर दीडशे वॉट लिहिलेले असले तरी तेवढा भार टाकला तर स्कूटरमधून पंधराच्या आसपास अँपिअर खेचले जातील. फ्यूज तरी उडेल नाहीतर वायर तापेल. फ्रिज चालताना दीडशे वॉटच्या आसपास घेत असला तरी कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी त्याला त्याच्या कित्येक पट वीज लागते. विहिरीवरचा अर्ध्या अश्वशक्तीचा पंपसुद्धा पावणेचारशे वॉटचा असतो. त्याबद्दल बोलायलाच नको.

भार जास्त होतो आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नये. बाजारात स्वस्तातला डिजिटल मल्टिमीटर मिळतो. इंजिन सुरू ठेवून त्याच्या टोकण्या बॅटरीच्या दोन टोकांना लावाव्यात. दिवे-मोबाइल लावल्यावरही आकडा १३ च्या वर राहिला तर मॅग्नेटोला भार झेपतो आहे. आकडा १२.६ च्या खाली उतरू लागला की बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होते आहे असे समजावे आणि एखादी वस्तू काढून टाकावी. माझ्या मते हे एक यंत्र घरात असेल तर बाकीचे निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

आता जोडणी. स्कूटर घरात, पडवीत किंवा खिडकीखाली सुरू ठेवायचीच नाही, हे सर्वांत आधी पाळावे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे ही त्याची लक्षणे थकव्यात किंवा पित्तात सहज खपून जातात. झोपलेल्या माणसाला तर तेही कळत नाही. पावसाची झड आत येऊ नये म्हणून कोकणात पडवीला झडप किंवा ताडपत्री लावतात आणि नेमकी तिथेच स्कूटर आणून ठेवण्याचा मोह होतो. त्या बंदिस्त जागेत धूर कोंडून माजघरात शिरतो. उघड्या अंगणात, दारे-खिडक्यांपासून दूर, वारा घरावरून गाडीकडे वाहत असेल अशा बाजूला ती उभी करावी आणि रात्री झोपण्यापूर्वी बंद करावी. पाऊस असेल तर चारही बाजूंनी मोकळे असलेले छप्पर चालेल. उभ्या गाडीचे इंजिन तापेल ही भीती स्कूटरच्या बाबतीत मोटारसायकलपेक्षा कमी आहे, कारण तिच्या इंजिनावर स्वतःचा पंखा असतो.

गाडी लांब उभी केली की तार लांब होते आणि १२ व्होल्टला लांब तार महागात पडते. पंधरा मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन तीस मीटर तांबे लागते. एक चौरस मिलिमीटरच्या तारेत दोन अँपिअर वाहिले तर वाटेतच सुमारे एक व्होल्ट गळतो. म्हणून दीड चौरस मिलिमीटरची किंवा त्याहून जाड तार घ्यावी. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत पाच अँपिअरचा फ्यूज बसवावा. तो दिव्याजवळ बसवून उपयोग नाही, कारण मधल्या तारेचे साल सोलले जाऊन शॉर्ट झाले तर आग तारेलाच लागते. मोबाइलसाठी मोटारीतील यूएसबी चार्जर वापरावा, वाय-फायचा राउटर मात्र १४ व्होल्टवर थेट लावू नये. पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि तारेच्या बॅटरीला लावलेल्या क्लिपा काढलेल्या असाव्यात.

इन्व्हर्टरच्या बॅटरीविषयी. घरातील १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी भरायला स्कूटरमधून दोन-अडीच अँपिअर मिळत असतील तर साठ तासही पुरणार नाहीत. त्याहून वाईट म्हणजे रिकामी मोठी बॅटरी जोडताक्षणी ती झेपेल तेवढा प्रवाह ओढते, आणि स्कूटरची बारीक वायरिंग व रेग्युलेटर त्यासाठी बनवलेले नाहीत. दुसरा प्रकार याहून घातक आहे : छोट्या इन्व्हर्टरला दोन्ही बाजूंनी पिन असलेली वायर लावून ती भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायची, म्हणजे सगळ्या घरात वीज येते. मेन स्विच बंद करायचा राहिला तर हीच वीज मीटरमधून बाहेर पडून खांबावर जाऊ शकते आणि तिथे, लाइन बंद आहे अशा समजुतीने, महावितरणचा वायरमन काम करत असतो. स्कूटरची वीज घराच्या वायरिंगमध्ये कोणत्याही कारणाने सोडू नये. दिवे वेगळ्या तारेवर लटकवावेत.

पेट्रोलचा हिशेब मला सर्वांत बोलका वाटतो. उभी स्कूटर तासाला पाव लिटर पेट्रोल पिते असे धरले तर एका लिटरमध्ये चार तास आणि तीस वॉटच्या दराने १२० वॉट-अवर, म्हणजे युनिटचा (हजार वॉट-अवरचा) जेमतेम आठवा भाग मिळतो. लहान पेट्रोल जनरेटर त्याच लिटरमध्ये साधारण एक युनिट देतो. आणि तीच स्कूटर त्याच लिटरमध्ये चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जाते. वीज असलेले गाव दहा किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन अर्धा लिटर लागेल आणि वीस हजार मिलीअँपिअर-अवरच्या तीन पॉवर बँका भरून आणल्या तर २२० वॉट-अवर घरात येतात. अर्धा लिटर अंगणात जाळून साठच मिळाले असते. शिवाय रस्त्यावर इंजिनाचे फेरे वाढलेले असल्याने डिकीतल्या सॉकेटवर मोबाइल वाटेतच भरतो. म्हणून पडलेली झाडे हटून रस्ता मोकळा होईपर्यंत स्कूटरवर दिवे लावावेत, त्यानंतर तिला ओझे वाहायला लावावे. वीज नसेल तर पुष्कळदा पेट्रोल पंपही बंद असतो, तेव्हा वादळाचा इशारा मिळताच टाकी भरून ठेवावी.

इलेक्ट्रिक स्कूटर असती तर चित्र वेगळे दिसते, कारण तिच्या बॅटरीत तीनच्या आसपास युनिट वीज असते आणि एलईडी दिवे, एक बीएलडीसी पंखा व मोबाइल यांवर ती काटकसरीने तीन-चार दिवस पुरावी. अडचण अशी की आपल्याकडच्या बहुतेक स्कूटरमध्ये ती बाहेर काढण्यासाठी २३० व्होल्टचे सॉकेटच दिलेले नसते. २०२३ च्या नेक्सॉन ईव्हीसारख्या काही मोटारींत ती सोय आहे. स्कूटरचा बॅटरी पॅक उघडून तार काढण्याचा प्रयोग घरी करू नये.

राहिला आईंचा नेब्युलायझर. कॉम्प्रेसरचा नेब्युलायझर शंभराहून अधिक वॉट घेतो आणि त्याची मोटर सुरू होताना आणखी ओढते, त्यामुळे स्कूटर त्यासाठी निरुपयोगी आहे. मेश प्रकारचा, म्हणजे बारीक जाळीतून औषधाचे तुषार काढणारा छोटा नेब्युलायझर मात्र यूएसबीवर किंवा सेलवर चालतो आणि एका पॉवर बँकेवर कित्येक दिवस निघतात. त्यांचे औषध त्यात चालते का, किंवा स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावून इनहेलर दिला तर पुरेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना मे महिन्यातच विचारून घ्यावे.