शेवटच्या वर्षाच्या केमिकल डिझाइन प्रोजेक्टमध्ये जैवप्रक्रिया कशी शिकवावी?

सूक्ष्मजीवशास्त्राच्या व्याख्यानांनी सुरुवात करू नका. आधी फर्मेंटरमधल्या (सूक्ष्मजीव वाढवून उत्पादन घेण्याच्या टाकीतल्या) ऑक्सिजनचा आणि उष्णतेचा हिशेब करायला लावा. एक मोल ऑक्सिजन वापरला गेला की साधारण 460 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे लिटरमागे तासाला 100 मिलिमोल ऑक्सिजन लागत असेल, तर 100 घनमीटर ब्रॉथमधून (टाकीतल्या सूक्ष्मजीवांच्या द्रवातून) सुमारे 1.3 मेगावॉट उष्णता काढायची, तीही 30-37 अंशांवर, थंड पाण्याशी तापमानाचा फरक जेमतेम असताना. मुलांचे डोळे इथेच उघडतात.

मग बॅचचं, म्हणजे टाकी भरून रिकामी करण्याच्या एकेका फेरीचं, वेळापत्रक. सतत चालणाऱ्या प्लांटची सवय झालेले विद्यार्थी टाकी धुण्याचा, निर्जंतुक करण्याचा वेळ हमखास विसरतात. शुद्धीकरणाचा खर्च बराचसा ब्रॉथमधल्या उत्पादनाच्या संहतीवर ठरतो. संहतीचा आकडा सरळ तुम्हीच द्या, नाहीतर गट शोधनिबंधच चाळत बसतील.