आजोबा उठून आत गेले

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा ग्रुप दर महिन्याला माईकवर कविता सादर करतो, कागद न घेता. या वेळी मी नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’तली एक कविता बसवतोय. घरी तालीम सुरू केली तर आजोबा उठून आत गेले. ते वरळीच्या बीडीडी चाळीतले, दलित पँथरच्या मोर्चांना जाणारे. जेवताना एवढंच म्हणाले, “शेवटी ‘सामना’त लिहायला लागला तो.” कविता तर डोक्यातून जात नाही. म्हणू की नको?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : म्हण. फक्त ‘कवी वेगळा, कविता वेगळी’ हे आजोबांना ऐकवू नकोस. ‘गोलपिठा’तून राजकारण गाळलंस तर कामाठीपुऱ्याचे, त्या वेश्यावस्तीचे, पत्ते उरतील, कविता नाही. हे पुस्तक १९७२चं, आणि राजा ढाले, ज. वि. पवार यांच्याबरोबर ढसाळांनी पँथर उभी केली तीही त्याच वर्षी.

आजोबांचा राग पुस्तकी नाही रे. जानेवारी १९७४मध्ये वरळी पेटली तेव्हा पँथर आणि शिवसैनिक समोरासमोर होते. पँथरचे भागवत जाधव त्याच दिवसांत मारले गेले. हे जवळून पाहिलेल्या माणसाला पुढे आपला कवी सेनेच्याच मुखपत्रात दिसला! आणि ते काही पहिलं वळण नव्हतं. ऐन आणीबाणीत, १९७६ला, ढसाळांनी इंदिरा गांधींवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. ते मी नेटाने संपवलं, पुन्हा उघडलेलं नाही.

खरं सांगू, मला पक्षबदल तितका अडवत नाही. मला अडवलं मलिका अमर शेख यांच्या आत्मकथनाने. ढसाळांबरोबरच्या संसाराबद्दल त्यांनी जे लिहिलंय ते वाचल्यावर वर्षभर मी ‘गोलपिठा’ला हात लावला नाही. मग एका पावसाळी दुपारी, कुकर लावलेला असताना, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मोठ्याने वाचून पाहिला. एरवी मनात वाचताना मी शिव्यांपाशी अडखळायची. तोंडाने म्हणायला लागले तर अडखळायला जागाच मिळेना. ओळ संपली तरी श्वास घेता येत नाही, पुढच्या ओळीत घुसावंच लागतं. तिसऱ्या शिट्टीला मला धाप लागली होती. राग गेला का? नाही. मलिकाताईंचं पुस्तक आणि ‘गोलपिठा’ आता मी फळीवर शेजारी शेजारी ठेवते, एक काढताना दुसऱ्याला धक्का लागतोच.

तेव्हा तूही म्हणताना मधे टाळीसाठी थांबू नकोस. तुमच्या कार्यक्रमांत दर दोन ओळींनी थांबायची खोड लागलीय सगळ्यांना. शिव्या तर अजिबात गाळू नकोस. आणि सुरुवातीला साल सांग, १९७२. पुढचं कुणी विचारलं तर तेही सांग, ‘सामना’सकट.

आजोबा आत गेलेत, घराबाहेर नाही. चाळीत वाढलेल्या माणसाला भिंतीपलीकडचं ऐकायची सवय असते. तालीम घरीच कर. ‘गोलपिठा’ची प्रस्तावना विजय तेंडुलकरांची आहे, आणि त्यांनाही त्यातले कितीतरी शब्द ढसाळांकडून समजून घ्यावे लागले होते. तुलाही अडतील. अडला की आतल्या खोलीत जाऊन विचार.